विचारायची जागा तुमची आहे: महाराष्ट्रातल्या 67 खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले 48 आणि राज्यसभेवर असलेले 19 सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार. मराठी पुस्तकाचं टपाल, त्याचा कागद आणि मराठी रेडिओ, या तिन्हींबद्दल तुम्हाला काही सांगायचं आणि विचारायचं आहे.

मी एका तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान चालवते आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून एक छोटी प्रकाशन संस्था. वर्षाला चार-पाच पुस्तकं निघतात. पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची. ती दोन वर्षांत संपली तर आमच्याकडे पेढे येतात. गिऱ्हाईक गावात कमी, बाहेर जास्त. गडचिरोलीतले शिक्षक, कोकणातली वाचनालयं, बेळगाव, बडोदा, इंदूर इथली मराठी घरं. यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचं अक्षर मी ओळखते. आमचं नातं पोस्टानं जोडलेलं आहे.

डिसेंबर 2024मधली गोष्ट. पाच गठ्ठे घेऊन मी पोस्टात गेले. खाकी कागद, सुतळी, तपासता यावं म्हणून दोन्ही टोकं उघडी, सगळं नेहमीसारखं. खिडकीवरच्या भाऊंनी पहिला गठ्ठा काट्यावर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, खालीवर केलं, पुन्हा बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "ताई, हे बघा, छापील पुस्तकांचा पर्यायच यादीत नाही. रजिस्टर पार्सल करावं लागेल." त्यांनाही त्याच दिवशी कळत होतं. मी गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसाची यात काहीच चूक नव्हती.

5 किलोच्या गठ्ठ्याला 80 रुपये पडायचे, त्याचे एकदम 229 झाले. 2 किलोला 45 रुपये लागायचे, तिथे 116. माझ्या पाच गठ्ठ्यांतला एक एका जिल्हा परिषद शाळेचा होता. तीस रुपयांची एक, अशी मुलांची वीस पुस्तकं. बाईंनी आपल्या खिशातून पैसे पाठवले होते. सहाशे रुपयांच्या पुस्तकांना एकशे सोळा रुपये टपालखर्च मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं मागणार होते? तो गठ्ठा मी आमच्याच खर्चानं पाठवला. बाकीचे चार परत आणले.

नोंदणीकृत छापील पुस्तकांची ही सवलत 18 डिसेंबर 2024 रोजी बंद झाली. नव्या टपाल कायद्याखालची नियमावली लागू झाली त्याच आठवड्यात. आता दुसरी एक तारीख शेजारी ठेवते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या संध्याकाळी आम्ही दुकानासमोर रांगोळी काढली होती. या दर्जासाठी पुरावे मांडायला रंगनाथ पठारे समिती नेमली गेली 2012 साली, म्हणजे या दिवसाची वाट महाराष्ट्रानं बारा वर्षं पाहिली होती. त्यानंतर बरोबर 76 दिवसांनी, ज्या वाटेनं ही भाषा छापील रूपात घरोघर जाते ती वाट जवळजवळ तिप्पट महाग झाली. एका मंत्रालयानं सन्मान दिला, दुसऱ्यानं रस्ता बंद केला, आणि मधल्या काळात दोघांनी एकमेकांशी काही बोलल्याची खूण कुठे दिसत नाही.

21 ते 23 फेब्रुवारी 2025 या दिवसांत दिल्लीत 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. तुमच्यापैकी बरेच जण तिथे उपस्थित होतात, फोटो पाहिले. त्या तिन्ही दिवशी ही सवलत बंदच होती. तालकटोरा स्टेडियममध्ये मराठीचं कौतुक चाललं असताना त्याच मराठीतलं पुस्तक पोस्टानं धाडायला दुपटी-तिपटीनं पैसे लागत होते, आणि व्यासपीठावरून हे कुणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त.

पुढे 1 मे 2025पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही नवी टपालसेवा आली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. दर परवडणारे आहेत. ज्यांनी ती आणली त्यांचे आभार मी मनापासून मानते आणि आज आमचे बहुतेक गठ्ठे तिनंच जातात. पण त्या साडेचार महिन्यांत आम्ही जे वाचक गमावले ते सगळे परतले नाहीत. सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयानं कळवलं की आता आम्ही वर्षातून एकदाच कुणी शहरात गेलं की पिशवी भरून आणतो. त्यांचा दर दोन महिन्यांनी येणारा यादीचा कागद थांबला तो थांबलाच.

शिवाय ज्ञान पोस्टाच्या अटी वाचा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. ठरावीक काळानं निघणारी प्रकाशनं चालत नाहीत. जाहिराती असलेली चालत नाहीत. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती हे मी खात्रीनं सांगते, कारण असती तर त्याला दिवाळी अंक आठवला असता. दर वर्षी एकदा निघतो आणि जाहिरातींवर उभा राहतो. 1909पासून ही परंपरा चालू आहे. महाराष्ट्रातले कितीतरी कथाकार, कवी पहिल्यांदा छापले गेले ते दिवाळी अंकात. तो पुस्तकासारखा वाचला जातो, पुस्तकासारखा जपला जातो, पण पोस्टाच्या खिडकीवर तो पुस्तक ठरत नाही. वाईट हेतूनं कुणी हे केलेलं नाही, हे मला पटतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगता आलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी विचारायचंच नाही, ही सवय मला वाईट हेतूपेक्षाही जास्त घातक वाटते.

आता कागदाचं. 22 सप्टेंबर 2025पासून जीएसटीचे नवे दर आले. शाळेच्या वह्या करमुक्त झाल्या, चांगली गोष्ट झाली. पण लिहिण्या-छापण्याच्या कागदावरचा कर 12 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला. वहीसाठी जाणारा कागद त्यातून वगळला. म्हणजे एकाच गिरणीतून, एकाच दिवशी निघालेले दोन रीम घ्या. एक वहीवाल्याकडे गेला तर कर शून्य, दुसरा माझ्याकडे आला तर 18 टक्के. मूल ज्या कागदावर लिहितं तो करमुक्त आणि ज्या कागदावरचं वाचतं तो नाही.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे तुम्हाला अधिकारी सांगतील. खरं आहे. पण पुस्तक विकताना कर घेत नाही म्हणून कागदावर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही. तो पुस्तकाच्या किमतीतच मुरतो. एक लाखाचा कागद घेतला की पूर्वी 12,000 जायचे, आता 18,000 जातात. मोठ्या प्रकाशकाला हे सहा हजार जाणवणार नाहीत. माझ्याकडे सहा हजारात एका पुस्तकाची मुद्रितशोधनाची आणि मुखपृष्ठाची मिळून रक्कम भागते. गेल्या वर्षी एका तरुण मुलीचा कवितासंग्रह आम्ही पुढे ढकलला. तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, कवितांना कोण विचारतंय, तुम्ही आधी ते शेतीचं पुस्तक काढा." माझ्यावर न रागावता बोलली, त्यामुळे जास्तच लागलं.

आणि वेळ बघा. सप्टेंबरचा शेवट म्हणजे दिवाळी अंकांची छपाई ऐन भरात असते. जाहिरातींचे दर ठरलेले, अंकाची किंमत छापून झालेली. मुंबई-पुण्यात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

हा जीएसटी परिषदेचा विषय आहे, आमच्या हातात काही नाही, असं उत्तर मला एकदा मिळालेलं आहे. कुणाकडून ते सांगत नाही. पण परिषदेचं गणित आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मतांचा एक तृतीयांश भार केंद्राकडे, दोन तृतीयांश राज्यांकडे, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राच्या मताशिवाय तिथे काहीही मंजूर होऊ शकत नाही. केंद्राचं ते मत अर्थमंत्र्यांच्या हाती आणि अर्थमंत्री तुमच्या सभागृहाला उत्तरदायी. मग तुमच्या हातात काही नाही असं कसं?

पुस्तकाच्या गठ्ठ्याआधीची गोष्ट मात्र रेडिओ आहे, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. आमची बरीचशी पुस्तकं लोकांना कळायची ती आकाशवाणीवरून. जिल्ह्याच्या केंद्रावर संध्याकाळी पंधरा मिनिटं पुस्तक परिचय असायचा. कार्यक्रम झाला की तिसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डं यायला लागायची. "सोमवारी रेडिओवर ऐकलं, एक प्रत व्हीपीनं पाठवा." म्हणजे पैसे पोस्टमनकडे, पुस्तक हाती आल्यावर. पत्त्यात वाडीचं नाव, खाली सरपंचाचं नाव, कारण वाडीत घर नंबर नसतो. रेडिओनं ऐकवायचं, पोस्टानं पोचवायचं, कागद स्वस्त म्हणून किंमत आवाक्यात राहायची. सरकारी फायलीत ही तीन खाती वेगळी आहेत. आमच्या दुकानात ती एकाच साखळीच्या कड्या होत्या.

माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूनंतर वाचता येईनासं झालं. त्यांचा दिवस सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या पुण्याच्या बातम्यांनी सुरू होतो. जून 2023मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं. लोकांनी आवाज उठवला, तुमच्यापैकी काहींनीही पत्रं लिहिली असतील, आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पण ठरवलं कुणी होतं?" तीन वर्षांच्या आसपास होत आली, मला अजून त्यांना उत्तर देता आलेलं नाही.

पोस्टाचं तेच, पुण्याच्या बातम्यांचं तेच. आधी गुपचूप बंद, मग ओरड, मग माघार. माघार घेतली की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि विसरतो. ठरवलं कुणी, कशाच्या आधारावर, कुणाला विचारून, हे कागदावर येतच नाही. आणि प्रत्येक वेळी ओरड करायला माणसं जमतीलच असं नाही. पुण्यात जमली. रत्नागिरी, परभणी, जळगाव, सांगली इथल्या केंद्रांवरचे स्थानिक तास एकेक करून कमी होतात तेव्हा कोण जमणार?

केंद्र सरकारनं जानेवारी 2023मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर केली. एफएम देशातल्या 80 टक्के लोकसंख्येपर्यंत न्यायचं उद्दिष्ट ठेवलं. मनोरे उभे राहताहेत, आनंद आहे. पण मनोऱ्यावरून बोलणार कोण? बहुतेक केंद्रं हंगामी निवेदकांच्या खांद्यावर चालतात. त्यांना महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या. सहा दिवसांच्या कमाईवर घर चालत नाही, म्हणून चांगला आवाज, चांगली भाषा असलेली माणसं वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, झाडी बोलीत बोलणारा निवेदक एकदा गेला की तो दिल्लीहून आलेल्या यंत्राबरोबर परत येत नाही.

खासगी एफएम ही जागा भरतील असं म्हणाल, तर 28 ऑगस्ट 2024 रोजी मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला आणि त्यात मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल असं सांगितलं. गाणी वाढतील. बातम्या वाढणार नाहीत, कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभाच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावावं लागतं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं सप्टेंबर 2023मध्ये ताशी दहा मिनिटांची परवानगी द्या अशी शिफारस केली होती. म्हणून नभोवाणीवरची मराठी बातमी म्हणजे अजून आकाशवाणीचीच बातमी. ती आटली की त्या जागी दुसरं काही येत नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच म्हणून ठेवलं आहे. आमच्या मालमत्तेबद्दल निदान आम्हाला कळावं तरी.

कळण्याचीच गोष्ट निघाली म्हणून प्रसारण सेवा विधेयकाबद्दल थोडं. टीव्ही, रेडिओपासून इंटरनेटवरच्या कार्यक्रमांपर्यंत सगळ्यांना नियम लावू पाहणारं हे विधेयक. पहिला मसुदा 10 नोव्हेंबर 2023 रोजी सगळ्यांसमोर ठेवला होता, रीतसर. 2024च्या जुलैमध्ये दुसरा मसुदा मात्र निवडक मंडळींनाच दिला, प्रत्येक प्रतीवर वेगळी खूण उमटवून, म्हणजे फुटला तर कुणाकडून फुटला ते कळावं. ऑगस्टमध्ये त्या प्रती परत मागवल्या गेल्या. कायद्याचे मसुदे किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचे, हे सरकारनं स्वतःच 2014 साली ठरवलेलं आहे. आमच्या गावातली दोन मुलं यूट्यूबवर बाजारभाव आणि तालुक्याच्या बातम्या मराठीतून सांगतात. त्यांच्यावर उद्या कुठले नियम लागतील हे त्यांना लपवलेल्या मसुद्यातून कळणार होतं का? पुढचा मसुदा येईल तेव्हा तो मराठीतही यायला हवा. अभिजात दर्जाचा एवढा उपयोग तर व्हावा.

आता मी मुद्दाम तुम्हालाच का लिहिते आहे ते सांगते. मंत्र्यांना लिहिता आलं असतं. पण आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारं महामंडळ म्हणजे प्रसार भारती, तिचा 1990चा कायदा मी वाचला. त्याच्या 12व्या कलमात देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसं स्थान देणं हे महामंडळाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ते कर्तव्य पार पडतं की नाही हे कोण बघणार? पुढच्याच 13व्या कलमात उत्तर आहे. संसद सदस्यांची समिती. बावीस जणांची, पंधरा लोकसभेचे, सात राज्यसभेचे. म्हणजे मंत्री नाही, सचिव नाही, तुम्ही. प्रसार भारतीच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या सॅम पित्रोदा समितीनं 2014च्या अहवालात या समितीची आठवण करून दिली होती.

तेव्हा माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे. ही समिती आज अस्तित्वात आहे का? असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्यात महाराष्ट्रातलं कोण आहे? नसेल तर 1997 साली महामंडळ स्थापन झाल्यापासून तुमच्यापैकी किंवा तुमच्या आधीच्यांपैकी किती जणांनी सभागृहात उठून ती मागितली? जाब विचारायची जागा कायद्यानं तयार करून ठेवली आहे. तिथे जाऊन बसायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, आणि यात सत्ताधारी-विरोधक असा भेद करायचं काही कारण मला दिसत नाही. 67 जणांत सगळे पक्ष आले. तुमच्यातल्या कित्येकांनी मराठीसाठी मतं मागितली आहेत, माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहूनसुद्धा.

मी अवाजवी काही मागत नाही. लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न असतात, पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. चिठ्ठीत नंबर लागला नाही तर अतारांकित विचारा, लेखी उत्तर येईल. पोस्टाबद्दल विचारा की 18 डिसेंबरचा निर्णय कुणाशी चर्चा करून घेतला आणि दिवाळी अंकाला ज्ञान पोस्टात जागा कधी मिळणार. अर्थमंत्र्यांना विचारा की वहीच्या कागदाला एक न्याय आणि पुस्तकाच्या कागदाला दुसरा, हे ठरवताना प्रकाशकांचं म्हणणं घेतलं होतं का. माहिती आणि प्रसारण मंत्र्यांना 13व्या कलमाबद्दल विचारा, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक आकाशवाणी केंद्रावर आज मराठीचे आणि तिथल्या बोलीचे स्थानिक तास किती, दहा वर्षांपूर्वी किती होते, तेही केंद्रवार मागा. सासूबाईंचा प्रश्न विसरू नका. ठरवलं कुणी होतं?

आमच्या दुकानाच्या दाराशी एक फळा आहे. नवी पुस्तकं आली की त्यांची नावं मी खडूनं त्यावर लिहिते. बसस्टँडकडे जाणारा प्रत्येक माणूस तो वाचतो. त्याचा उजवा अर्धा भाग मी पुसून ठेवला आहे. ज्या सदस्यानं प्रश्न विचारला त्याचं नाव, तारीख आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं तिथे लिहीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक पुस्तकविक्रेती